आय थ्री २३५०एम प्रोसेसरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आय सेव्हन बसेल का?

भाऊ, बसू शकते, पण आधी सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून पॅकेजच्या ओळीत काय लिहिलंय ते बघ, आरपीजीए ९८८बी असेल तं चिप सॉकेटमध्ये आहे म्हणजे निघते, बीजीए दिसलं तं बोर्डावर सोल्डर केलेली आहे, विषय तिथंच संपला. पाचव्या जनरेशनपासून इंटेलचे लॅपटॉपवाले सगळे सोल्डरच येतात, तुझा दुसऱ्या जनरेशनचा आहे म्हणून चान्स आहे. तिसऱ्या जनरेशनचं सॉकेट तेच आहे पण बायोसनं (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) चिप ओळखली नाही तं स्क्रीन काळीच राहते, त्यामुळे दुसऱ्यातच राहा. चौथीवाली तं बसतच नाही, सॉकेटच वेगळं.

आता वॅटचं, म्हणजे चिप किती तापते त्याचं बघ. तुझी चिप ३५ वॅटची, क्वाड कोरवाली आय सेव्हन २६७०क्यूएम ४५ ची. कंपनीनं तुझ्याच मॉडेलमध्ये क्वाड कोर दिला असेल तं ठीक, नाही तं चिप थंड ठेवणारा जुना हीटसिंक आपल्या नागपूरच्या मे महिन्यात काय टिकणार! आय सेव्हन २६४०एम घे, तीही ३५ चीच. सीताबर्डीत कोणाकडून बसवून घेशील तं चिप अन् हीटसिंकमधली थर्मल पेस्ट नवीन लावायला सांग.

तसं अजून हार्डडिस्कच असेल तं पहिले एसएसडी टाक, फरक त्यानंच जास्त दिसेल.