एडीएचडीसाठी थेरपिस्ट शोधताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकवणे, काम वेळेवर सुरू करणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या विकारासाठी, चांगला थेरपिस्ट कसा शोधावा, असे तू विचारले आहेस. आणि निदान अजून झालेले नाही, असेही त्याच पत्रात लिहिले आहेस. म्हणून आधी ही दोन कामे वेगळी करू. निदान मानसोपचारतज्ज्ञाकडून, म्हणजे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेल्या डॉक्टरकडून, अथवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्यावे. औषध मात्र केवळ डॉक्टरच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. ‘समुपदेशक’ अशी पाटी काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या व्यक्तीच्या दारावरही दिसते. त्यांच्यातही उत्तम माणसे आहेत, पण शिक्षण आणि अनुभव विचारून घ्यावा.

निदानासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. सविस्तर मुलाखत हाच त्याचा गाभा असतो, आणि तिच्यात बालपणाची चौकशी होतेच. कारण मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या 2013 सालच्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात. म्हणून जाताना जुनी प्रगतिपुस्तके सोबत ने. ‘हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते’ हा वर्षानुवर्षे त्याच शब्दांत आलेला शेरा तेथे फार उपयोगी पडतो. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाची तक्रार घरी जाते. खिडकीबाहेर बघत शांत बसलेल्या मुलीची जात नाही, आणि त्यामुळे कित्येक मुलींचे निदान कॉलेज किंवा नोकरी सुरू झाल्यावरच होते. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, झोपेबद्दल, चिंतेबद्दल, उदासीबद्दल खोदून विचारले, तर आपल्यावर अविश्वास दाखवला असे मानू नकोस. या सगळ्यांमुळेही लक्ष विस्कटते. उलट दहा मिनिटांत निदान आणि चिठ्ठी दोन्ही हातात पडली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या चाळणीपुरत्याच असतात.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईत के.ई.एम., नायर, सायन आणि पुण्यात ससून या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तेथे गर्दी असते, थांबावे लागते, पण तपासणी अल्प खर्चात होते. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते आणि जवळच्या सेवेची माहिती मिळते.

आता थेरपिस्टकडे वळतो. अनेकांचा गोंधळ येथेच होतो. शांतपणे ऐकून घेणारी, मन हलके करणारी व्यक्ती मिळाली की शोध संपला असे वाटते. पण तुझी मुख्य अडचण मन मोकळे करण्याची नाही. काय करायचे हे तुला ठाऊक असते, ते वेळेवर सुरू होत नाही. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी जी सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, वापरतात, तिच्यात कामाचे तुकडे पाडणे, वेळेचा अंदाज बांधायला शिकणे, डोक्यातली यादी कागदावर किंवा फोनवर उतरवणे, आणि ‘मी आळशीच आहे’ हे स्वतःला ऐकवत राहण्याची सवय तपासणे असे प्रत्यक्ष काम असते. म्हणून पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचार: “तुम्ही दिलेला गृहपाठ न करताच मी आले, तर तुम्ही काय कराल?” ‘मग तू गंभीर नाहीस’ या अर्थाचे उत्तर आले तर नमस्कार करून बाहेर पड. ‘नेमके कुठे अडले ते पाहू आणि गृहपाठ आणखी छोटा करू’ असे उत्तर देणारी व्यक्ती हा विकार ओळखते. एडीएचडी असलेल्या प्रौढांसोबत त्यांनी काम केले आहे का, गरज पडल्यास तुझ्या डॉक्टरांशी बोलतील का, हेही विचार. भेट विसरल्यास शुल्क द्यावे लागते का, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तुझ्या बाबतीत तो पैशांचाच प्रश्न आहे. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवतात का, तेही त्यातच विचारून घे.

‘मोठ्यांना हे नसतेच, मोबाइल बंद कर’ असे सांगणारे, पूर्ण बरे करण्याची हमी देणारे आणि औषधाचे नाव काढताच भडकणारे, या तिघांपासून दूर राहा. औषध घ्यायचे की नाही हे तू आणि डॉक्टर ठरवाल. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू झालेच, तर त्यावर कायद्याचे कडक नियंत्रण असल्याने ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. कोठे मिळेल हे चिठ्ठी घेतानाच विचार आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढची भेट ठरव.

ज्या विकारासाठी मदत शोधायची, तोच विकार हा शोधही अर्धवट सोडायला लावतो. म्हणून तीनच नावे निवड. तीस नावांचा तक्ता करत बसू नकोस. फोन करणे टळत असेल तर मेसेज कर, आणि तो येथूनच उतरवून घे: “नमस्कार. मला एडीएचडीसाठी प्रौढांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टची भेट हवी आहे. या क्षेत्रातला आपला अनुभव, शुल्क आणि मराठीतून बोलता येईल का, हे कृपया कळवावे.” शेजारी मैत्रिणीला बसव आणि तिघांनाही एकाच बैठकीत पाठव.

घरी कळेल ही तुझी भीती समजते. तू सज्ञान आहेस, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा तुझा हक्क मानला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. तरीही लहानपणची हकिगत आईइतकी कोणाला आठवणार? तिला सोबत न्यायचे नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांग. ते तुझ्याकडून आणि जुन्या कागदांवरून माहिती घेतील.

थेरपी सुरू झाल्यावर चार-पाच भेटींनी पाहा: एखादे अडलेले काम हलले का? काहीच हलले नसेल तर त्यांच्याशीच बोल, आणि तरीही जमले नाही तर दुसऱ्या नावाकडे जा. जाताना निदानाच्या अहवालाची प्रत मागून घे, म्हणजे सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.

कळावे,
तुझे सर