फोल्डर नव्हते, तर टेपवरची फाइल सापडायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: डिस्क परवडत नव्हती त्या काळात मोठे संगणक चुंबकीय टेपवर फाइल कशा ठेवायचे, त्यांना नावं असायची का, आणि मधलीच एखादी नोंद बदलायची झाली तर काय करायचे?

ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या एका कंपनीच्या संगणक विभागात मी प्रोग्रामर होतो. पगारपत्रकं सगळी टेपवर. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर 1951 च्या युनिव्हॅक या संगणकाची टेप चक्क धातूची होती. 1952 मध्ये आयबीएमने 726 हा ड्राइव्ह, म्हणजे टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र आणलं, त्यात प्लास्टिकची टेप, 7 ट्रॅक (टेपच्या लांबीभर जाणारे समांतर पट्टे) आणि इंचाला 100 अक्षरं. 1964 च्या सिस्टिम/360 या आयबीएमच्या संगणकांबरोबर 9 ट्रॅक आले. आम्ही वापरली ती हीच टेप, अर्धा इंच रुंद, एका रिळावर 2400 फूट. टेपच्या रुंदीत एका ओळीत एक अक्षर बसायचं, 8 ट्रॅकवर त्याचे 8 बिट आणि नवव्यावर पॅरिटी, म्हणजे चूक पकडायचा जादा बिट.

टेपवर जागेला पत्ता नसतो. 'अमुक फुटावर जा' असं ड्राइव्हला सांगता येत नाही, फक्त पुढचा ब्लॉक (एका दमात लिहिला-वाचला जाणारा डेटाचा तुकडा) वाच, एक ब्लॉक मागे जा, पुढच्या खुणेपर्यंत जा, गुंडाळून टाक, एवढंच. कॅसेटवर हवं ते गाणं शोधताना जे करायचो तेच. त्यामुळे फाइल म्हणजे दोन खुणांमधला टेपचा तुकडा. त्या खुणेला टेप मार्क म्हणत. तो एक वेगळ्या प्रकारचा छोटा ब्लॉक, ड्राइव्हच्या कंट्रोलरला डेटापासून वेगळा ओळखता येणारा. लागोपाठ दोन टेप मार्क आले की टेपवरचा मजकूर संपला.

नावं होती, पण ती लेबलांत. प्रत्येक लेबल 80 अक्षरांचं, कारण पंच कार्डाला 80 रकाने. टेपच्या सुरुवातीला 'व्हॉल-1', त्यात रिळाचा सहा अक्षरी क्रमांक. मग 'एचडीआर-1', त्यात फाइलचं नाव, लिहिल्याची तारीख आणि कधीपर्यंत पुसायची नाही ती तारीख. डेटा संपल्यावर 'ईओएफ-1', त्यात ब्लॉकची संख्या, म्हणजे वाचताना काही निसटलं तर कळावं. फाइल एका रिळात मावली नाही तर तिथे 'ईओव्ही-1' लिहायचं आणि ऑपरेटरने पुढचं रीळ चढवायचं. हे नाव फाइल शोधायला फारसं उपयोगी नव्हतं. चढवलेलं रीळ बरोबर आहे ना, एवढी खात्री त्यावरून व्हायची. कुठली फाइल कुठल्या रिळावर, हे टेप लायब्ररीच्या रजिस्टरात असायचं. तुम्ही फोल्डर म्हणता तो आमच्याकडे लोखंडी रॅक होता.

आता खरी गंमत, दोन ब्लॉकमधल्या रिकाम्या जागेची. ब्लॉक वाचून झाला की टेप थांबते आणि पुढच्या वेळी पुन्हा वेग घेते. त्यासाठी 9 ट्रॅकच्या टेपवर 0.6 इंच कोरी सोडावी लागे. इंचाला 1600 अक्षरं धरली तर 80 अक्षरांची एक नोंद 0.05 इंचात बसते. एकेक नोंद सुटी लिहिली, तर तेरा भागांतले बारा कोरे! पूर्ण रिळावर जेमतेम 35 लाख अक्षरं. त्याच शंभर नोंदी एका ब्लॉकमध्ये बांधल्या तर 4 कोटींच्या वर. मग ब्लॉक मोठ्यात मोठा का नाही करायचा? कारण अख्खा ब्लॉक एकदम मेमरीत घ्यावा लागतो, तोही सहसा दुहेरी, एक वाचला जाताना दुसऱ्यावर काम. 8000 अक्षरांचा ब्लॉक आणि तीन फाइली म्हणजे 48,000 अक्षरं गेली, आणि यंत्राची एकूण मेमरी 64 के, म्हणजे साधारण 65 हजार अक्षरं. प्रोग्राम कुठे ठेवणार? माझ्या मते त्या काळच्या प्रोग्रामरची अर्धी हुशारी ब्लॉकचा आकार ठरवण्यात जायची.

मधली नोंद बदलणं: नाही करायचं. टेपचा वेग दर वेळी किंचित वेगळा असतो, त्यामुळे नवा ब्लॉक जुन्याच्या मापात बसेल याची खात्री नाही, आणि पुसणारं हेड पुढच्या ब्लॉकची सुरुवात खाऊन टाकू शकतं. म्हणून अख्खी फाइल नव्याने लिहायची. मास्टर फाइल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदींची मुख्य फाइल, कर्मचारी क्रमांकाने लावलेली, महिन्याचे बदलही आधी त्याच क्रमाने लावून घेतलेले. दोन ड्राइव्हवरून दोन्ही सोबत वाचत जायचं, क्रमांक जुळला तर बदल करायचा, नाहीतर नोंद जशीच्या तशी तिसऱ्या ड्राइव्हवरच्या नव्या मास्टरवर उतरवायची. एका माणसाचा भत्ता बदलला तरी सगळ्यांची नक्कल. याचा फायदा असा की जुनी मास्टर आपोआप शाबूत राहायची. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्या ठेवायची पद्धत होती. चौथी आली की आजोबांचं रीळ पुसायला मोकळं.

चुकून पुसलं जाऊ नये म्हणून एक सोय होती, रिळाच्या मागच्या खाचेत बसणारी प्लास्टिकची रिंग. ती असली तरच ड्राइव्ह लिहायचा. लायब्ररीतून रीळ निघतानाच रिंग काढलेली असे, हवी तर मागून घ्यायची.

यातलं बरंचसं अजून जिवंत आहे. लिनक्सवर अनेक फाइली एकात बांधायला तुम्ही 'टार' वापरत असाल, ते 'टेप आर्काइव्ह'चं लघुरूप, 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतलं. 512 बाइटचे तुकडे, शेवटी शून्यांनी भरलेले दोन तुकडे, आणि यादी एका जागी कुठेच नाही, प्रत्येक फाइलची माहिती तिच्याच डोक्यावर. म्हणून दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) मोठ्या टार फाइलमध्ये काय आहे हे नुसतं पाहायलाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जावं लागतं.