ढोली पडलेल्या कलमात सिमेंट भरावं का?

प्रश्न (गुहागर तालुक्यातील एक बागायतदार): घरामागे आजोबांनी लावलेलं हापूसचं कलम आहे. बुंध्याचा घेर 6 फूट. पूर्वी एक फांदी तोडली होती, तिथे ढोली पडून हात कोपरापर्यंत आत जातो. आंबा मात्र दरवर्षी धरतो. ढोली खरवडून जांभ्याचे तुकडे आणि सिमेंटने बुजव, असं गवंडी सांगतो. बुजवू का? की पावसाआधी झाड तोडूनच टाकू? शिवाय बांधावरचा 12 वर्षांचा साग व्यापारी 'सगळं पांढरं लाकूड' म्हणून स्वस्तात मागतो. त्यात तथ्य आहे का?

उत्तर: सिमेंट भरू नका आणि ढोली खरवडू तर मुळीच नका.

आपल्याला जखम झाली की तिथे नवी कातडी येते. झाडाचं तसं नसतं, कुजलेलं लाकूड पुन्हा चांगलं होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून बांध घालतं आणि कूज तिथेच कोंडून ठेवतं. अमेरिकेच्या वनसेवेतले अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं करवतीने उभी चिरून हे दाखवलं आणि 1977 मध्ये मांडलं. तुम्ही आतून खरवडलंत की तो बांध फुटतो आणि कूज बाहेरच्या चांगल्या लाकडात शिरते. सिमेंट भरलं तर वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मधल्या फटीत पावसाचं पाणी बसतं.

पोकळ झाडाला आंबा कसा धरतो? मुळांचं पाणी वर नेणारं लाकूड सालीलगत असतं. मधलं बहुतेक मृतच, फक्त आधाराला. आधाराचाही हिशोब पाहा: खोडाचा अर्धा व्यास पोकळ झाला तरी वाकण्याला असलेला विरोध जेमतेम 6 टक्क्यांनी कमी होतो, कारण जोर सगळा बाहेरच्या कडेवर येतो. बांबू उभा राहतो तो याच न्यायाने. झाडांच्या मजबुतीचा अभ्यास करणारे जर्मनीचे क्लाउस मॅटेक यांचा ढोबळ नियम असा की चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या 30 टक्क्यांखाली गेली की धोका वाढतो. तुमच्या 6 फूट घेराला त्रिज्या साडेअकरा इंच, म्हणजे चहूबाजूंनी साडेतीन इंच लाकूड हवं. ही जाडी साल सोडून धरा. ढोलीचं तोंड मोठं असेल तर या नियमावर फार विसंबू नका. उघडी नळी बंद नळीपेक्षा लवकर पिळवटते.

मोजायला खोडात ड्रिल मारू नका, त्यानेही बांध फुटतो. ढोलीत काठी घालून आतली रुंदी घ्या. मग लाकडी हातोडीने खोडावर वीतवीत अंतराने ठोका. भरीव लाकूड 'ठक्' वाजतं, पोकळ भाग ढोलासारखा. बुंध्याशी जमिनीलगत चपटी, कडक अळंबी उगवली असेल किंवा एका बाजूची माती उचलली गेली असेल, तर झाड घराकडे झुकलेलं नसलं तरी मला बोलवा. मूळच कुजलं असेल तर हातोडीच्या आवाजावरून ते समजत नाही. 'निसर्ग' आणि 'तौक्ते'नंतर उन्मळलेली झाडं आठवा. घरामागचं झाड आहे, म्हणून एवढं सांगतो.

खोडाच्या भोकातून ताजा भुसा पडत असेल तर ते भिरूड. तारेच्या आकडीने अळी ओढून काढा, भोकात पेट्रोलचा बोळा घाला आणि ओल्या मातीने लिंपा.

जाडी पुरेशी असेल तर झाड राखा. घराकडचा फांद्यांचा भार पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात हलका करा. फांदी खोडाला घासून कापू नका, बुडाशी सुजल्यासारखी जी कड दिसते ती राखून कापा. तुमची ढोली जुन्या चुकीच्या कापामुळेच झाली असावी. जड फांदी आधी खालून थोडी कापून घ्या, नाहीतर साल फाटत येते. कापावर डांबर नको, त्याने कूज थांबत नाही. आपल्या दमट हवेत बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. स्वच्छ विळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा.

सागाचं म्हणाल, तर 'सगळं पांढरं' ही व्यापाऱ्याची भाषा. 12 वर्षांच्या सागात गाभा धरलेला असतो, पण थोडा. वाळवीला दाद देत नाही तो हा सोनेरी-तपकिरी गाभा. भोवतालचं पांढरं लाकूड वाळवी खाते. झाड वाढेल तसं आतलं पांढरं लाकूड गाभ्यात बदलत जातं. पैशांची नड नसेल तर आत्ता विकू नका.