भाचा म्हणतो सोलरचे शेअर घ्या, घरात बिल शून्य

प्रश्न: मी बेळगावच्या शहापूरचा, मागच्या वर्षी रिटायर झालो. हातात 5 लाख आहेत. भाचा म्हणायलाय सोलर-विंडचे शेअर घ्या, पुढचा जमाना त्याचाच. एक ओळखीचा माणूस सोलर प्लांटमध्ये पैसे घाला, महिन्याला 3 टक्के देतो म्हणून मागं लागलाय. घरावर पॅनेल बसवावं असंबी वाटतंय. काय करू सांगा की ओ.

उत्तर: काका, आधी त्या 3 टक्केवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. महिन्याला 3 म्हणजे वर्षाला 36, आणि प्लांट खरा असेल तर बँक त्याला 10-12 टक्क्यांनी कर्ज देते, मग तुमच्या दारात 36 नं कशाला येईल तो?

पॅनेलचं बघू, पण तिथं आपल्याकडं एक गंमत आहे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, हे कोल्हापूरच्या पाहुण्यानं सांगितलं असणार, पण त्याला कर्नाटकाची गृहज्योती, म्हणजे 200 युनिटपर्यंत फुकट विजेची योजना, कुठाय? तुम्ही दोघंच घरात असाल, महिन्याला 120-130 युनिट, तर हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल तसंही शून्य, मग पॅनेल वाचवणार काय? हां, एसी आला, सुनेची इलेक्ट्रिक स्कूटर आली आणि 200 च्या वर गेलात की सगळ्याच युनिटचं बिल बसतं, तेव्हा मात्र दिवसाला 12 युनिटच्या आसपास देणारं ते 3 किलोवॅट पाच-सहा वर्षांत पैसे फेडतं.

भाच्याचं म्हणणं निम्मं बरोबर. जमाना येतोय, पण शेअरवाला कमावेलच असं नाही. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचा शेअर 2008 च्या सुरुवातीला 400 च्या वर होता, 2020 त 2 रुपयांच्या खाली, आणि तेवढ्या वर्षांत पवनचक्क्या तर वाढतच गेल्या! सोलर-विंडला कर्ज देणाऱ्या सरकारी इरेडाचा आयपीओ 2023 च्या नोव्हेंबरात 32 ला आला, आठ महिन्यांत 310 च्या आसपास, मग निम्म्यावर. घालायचेच तर 50 हजार घाला, तेबी म्युच्युअल फंडातनं.

मला विचाराल तर पुढचा खरा प्रश्न पॅनेलचा नाही, साठवणीचा. दुपारी वीज भरपूर, संध्याकाळी सगळे दिवे लावतात तेव्हा ऊन नसतं. म्हणून बॅटरी, नाहीतर दुपारी पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. असला प्रकल्प आपल्या सौंदत्तीलाच घेतलाय.

तोवर मागच्या 12 महिन्यांची बिलं काढून ठेवा. रक्कम शून्य असली तरी युनिट छापलेले असतात, तेवढे कळवा.