घरात वारंवार मारहाण करणाऱ्याकडून बंदूक काढून घेतली तर खरंच फरक पडतो का?
हो, पडतो. ‘मारायचंच असेल तर तो चाकूनेही मारेल’ हे मला अजिबात पटत नाही. चाकू घेऊन अंगावर येणाऱ्यापासून पळता येतं, कोणी मध्ये पडू शकतं. बंदुकीचा चाप ओढायला रागाचा एक क्षण पुरतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो. आणि बंदूक दर वेळी झाडावीच लागते असंही नाही. जेवणाच्या टेबलावर नुसती काढून ठेवली तरी समोरची गप्प बसते.

अमेरिकेत १९९६ पासून कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही बंदूक बाळगायला बंदी आहे. ज्यांना धोकादायक ठरवून कोर्टाने त्यांच्याविरुद्ध संरक्षण आदेश (जोडीदाराला त्रास न देण्याचा हुकूम) काढला आहे, त्यांच्यावरची बंदीही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी कायम ठेवली.

घोडं अडतं ते पुढे. कपाटातली बंदूक जाऊन आणायची कोणी? ‘विकून टाकली’ एवढं तो म्हणाला की बऱ्याचदा विषय तिथेच संपतो. बाई घर सोडते तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून आदेश हातात देतानाच पोलिसांनी बंदूक ताब्यात घ्यायला हवी.