क्रूझवर रात्री जेवताना काय घालायचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सुट्ट्यांची बुकिंगं सुरू झाली की सांगली-साताऱ्याकडून येणाऱ्या पत्रांत एकच धास्ती असते: जहाजावर जेवायला कोट लागतो का? निम्म्या पत्रांत जहाजाचं नावच नसतं. ‘आम्ही क्रूझला चाललोय’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. कंपनी, जहाज, निघायची तारीख आणि किती रात्री, या चार गोष्टी लिहा. कपड्यांचा नियम कंपनीगणिक बदलतो, आणि एकाच जहाजावर एका उपाहारगृहात चालतं ते दुसऱ्यात चालत नाही.

प्रश्न : कोट-टाय नसेल तर रात्रीचं जेवण मिळत नाही, असं शेजारी सांगतात. खरं का? (कराड)

उत्तर : खोटं. बहुतेक मोठ्या जहाजांवर बुफे असतो. तिथे अंगात नेटके कपडे आणि पायात काहीतरी असलं की झालं. ओले पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय चालत नाहीत. शेजारी कुठल्या जहाजावर गेले होते, ते आधी विचारा.

प्रश्न : आम्ही सहा जोडपी सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. एका दुकानदाराने सांगितलं की ‘फॉर्मल नाइट’ला (ठेवणीतल्या कपड्यांच्या रात्री) टक्सिडो (रेशमी कॉलरचा काळा सूट) सक्तीचा असतो, आणि सहा जणांचं ‘क्रूझ पॅकेज’ काढून दिलं. त्यात टक्सिडो, बो-टाय, कमरपट्टा आणि वर एक पांढरा कोट आहे. घ्यावं का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : घेऊ नका. कंपन्यांच्या सूचनांमध्ये टक्सिडोचं नाव असतं, ते अनेक पर्यायांपैकी एक म्हणून. त्याच ओळीत पुढे गडद सूट आणि टाय लिहिलेलं असतं. दुकानदार पहिला शब्द वाचून दाखवतो आणि कागद मिटतो.

कंपन्यांनी या रात्रींना वेगवेगळी नावं देऊन गोंधळ वाढवलाय हेही खरं. कार्निव्हल तिला ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते, सेलिब्रिटी ‘इव्हिनिंग शिक’ म्हणते, क्युनार्डवर ‘गाला इव्हिनिंग’ असते. पहिल्या दोन्ही ठिकाणी नीट बसणारी लांब पँट आणि कॉलरचा चांगला शर्ट असला की काम भागतं, वर ब्लेझर घातलात तर उत्तम. क्युनार्डचं प्रकरण वेगळं. क्वीन मेरी २ सारख्या जहाजावर गाला रात्री डिनर जॅकेट (म्हणजे टक्सिडोच) किंवा गडद सूट-टाय अपेक्षित असतो, आणि इतर दिवशीही संध्याकाळी सहानंतर ढगळ कपडे चालत नाहीत. उलट नॉर्वेजियन या कंपनीच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल रात्रच नाही. आणि ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हटलं की लांब पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट. टाय नको.

तीन-चार रात्रींच्या सफरीत अशी रात्र बहुधा एकच येते. सहा जणांनी एका संध्याकाळसाठी टक्सिडो शिवायचे आणि परत आल्यावर ते कुणाच्या लग्नात घालायचे, याचा विचार दुकानातच करा. ज्याच्याकडे लग्नातला काळा किंवा नेव्ही ब्लू सूट आहे, त्याने तो काढून कंबर तपासावी. नसेल तर एक गडद ब्लेझर पुरतो.

याच रात्री जिन्यापाशी पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे पडत नाहीत, प्रिंट घ्यायला पडतात आणि चांगलेच पडतात. दर आधी विचारा. त्यांच्या पडद्यासमोर उभं राहायला म्हणून कुणी सूट शिवू नये.

तुमच्या सफरीत फॉर्मल रात्री किती आणि कुठल्या तारखेला, हे एजंटकडून ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘काही होत नाही हो’ जहाजाच्या दारात कामाला येत नाही.

प्रश्न : मुंबईहून सुटणाऱ्या गोवा-लक्षद्वीपच्या जहाजाला सूट लागेल का? (विटा)

उत्तर : नाही. नेटके सुटसुटीत कपडे आणि एक चांगला जोड पुरे. एखादी थीम पार्टी असेल तर तिचा रंग बुकिंग करणाऱ्याला विचारून घ्या.

प्रश्न : सासूबाई नऊवारीच नेसतात. मला पैठणी नेसायची आहे. परदेशी जहाजावर गाला रात्री हे चालेल, की गाऊन घ्यावा लागेल? (सातारा)

उत्तर : चालेल. क्युनार्ड तर आपल्या सूचनेत औपचारिक राष्ट्रीय पोशाखाचा वेगळा उल्लेख करते. गाऊन घेऊ नका.

सासूबाईंची काळजी करू नका, कासोट्यामुळे जहाजाच्या जिन्यावर त्यांची चाल तुमच्यापेक्षा मोकळी राहील. गोल साडीचा घोळ मात्र पायाखाली येतो, आणि जहाज हललं की तोल तिथेच जातो. साडी नेहमीपेक्षा अर्धा इंच वर नेसा. परकर सुती घ्या, सॅटिनवर रेशमी निऱ्या सरकतात. खांद्यावर दोन आणि निऱ्यांना एक पिन लावा. उघड्या डेकवर फोटोला जाणार असाल तर पदर मोकळा सोडू नका, तिथे वारा फार असतो. टाच दोन इंचांच्या आतली आणि रुंद. जेवणाच्या दालनात एसी कडक असतो आणि जेवण दीड-दोन तास चालतं, म्हणून शाल हवीच.

पैठणी नेताना जुन्या घडीवर परत घडी घालू नका, जरीची तार त्याच रेषेवर तुटते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून सैल वळकटी करा. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीपासून दूर ठेवा, ती काळी पडते. जुनी, आजीच्या वेळची साडी असेल तर नेण्याआधी साडीवाल्या जाणत्याला दाखवा; पोत विरलेला असेल तर तिला कपाटातच राहू द्या. आणि ताज्या गजऱ्याची फुलं सामानात नेऊ नका. कित्येक देशांच्या बंदरांवर फुलं, फळं, बियाणं उतरवायला मनाई आहे.

प्रश्न : मी कुर्ता-पायजमा, जाकीट आणि कोल्हापुरी घालतो. वर फेटा बांधला तर? (वाई)

उत्तर : चांगल्या कापडाचा कुर्ता आणि बंद गळ्याचं जाकीट चालतं. कोल्हापुरी अडेल. पुरुषांच्या उघड्या चपलांना मुख्य जेवणघरात संध्याकाळी बहुतेक कंपन्या नाही म्हणतात, आणि दारातल्या कर्मचाऱ्याला कोल्हापुरी आणि रबरी स्लिपर यांतला फरक कळावा अशी अपेक्षा धरू नका. शिवाय कातडी तळ ओल्या डेकवर घसरतो. मोजडी किंवा काळे बूट घ्या. जेवताना टोपीला मनाई असते ती क्रिकेटच्या टोपीसारख्या टोप्यांना. धार्मिक किंवा पारंपरिक शिरोवेष्टनाला सहसा हरकत नसते. तरी फेट्याचा फोटो जोडून कंपनीला एकदा विचारा.

प्रश्न : जीन्स? (तासगाव)

उत्तर : साध्या रात्री गडद, न फाटलेली चालते. फॉर्मल रात्री नको.

प्रश्न : जहाजावर इस्त्री मिळत नाही म्हणतात. प्रवासाची छोटी इस्त्री किंवा वाफेचा स्टीमर बॅगेत नेला तर चालेल ना? एका व्हिडिओत सांगितलं की टॉवेलमध्ये गुंडाळली की पकडत नाहीत. (मिरज)

उत्तर : असले व्हिडिओ बघणं बंद करा.

इस्त्री आणि स्टीमर दोन्ही बंदी असलेल्या वस्तूंत आहेत. सामान एक्स-रे यंत्रातून जातं आणि टॉवेलने इस्त्रीचा तवा लपत नाही. बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावून घेतात, इस्त्री चिठ्ठी लावून ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. पहिली संध्याकाळ त्या रांगेत जाते. एक्स्टेंशन बोर्डाचंही असंच; कित्येक कंपन्या तो ठेवून घेतात, कारण जहाजाची वीजजोडणी घरासारखी नसते आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड तिथे तापून पेटू शकतो.

ही बंदी कुणाच्या लहरीने आलेली नाही. समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. आग लागली तर विझवायची ती जहाजावरच्याच माणसांनी, आणि हजारो लोकांना उतरायला जागा नसते. समुद्री सुरक्षेच्या १९७४ च्या ‘सोलास’ करारात आगीपासून संरक्षणाचं स्वतंत्र प्रकरण आहे ते त्यामुळेच. आता केबिन डोळ्यांसमोर आणा: हातभर मोकळी जागा, खाली गालिचा, बाजूला गादी आणि पडदा. इस्त्री करायला टेबल नाही म्हणून माणूस गादीवर कपडा पसरतो, जेवणाची वेळ झाली म्हणून घाईत इस्त्री तशीच ठेवून निघतो. उदबत्ती, निरांजन आणि मेणबत्तीवरही बंदी आहे. रोजची पूजा करणाऱ्यांनी हे आताच लक्षात घ्यावं.

मग सुरकुत्यांचं काय? त्यांचा बंदोबस्त घरीच होतो. कापड निवडताना लिनन आणि साधी सुती पँट टाळा; टेरीवूलचा सूट, क्रेप किंवा जॉर्जेटची साडी बॅगेतूनही नीट निघते. कोट भरताना एक खांदा आतून बाहेर उलटवा, दुसरा खांदा त्यात बसवा, मध्ये बटरपेपर ठेवा आणि कोट लांबीत एकदाच दुमडा. ड्रायक्लीनची पातळ पिशवी वर चढवली की कापडावर कापड घासत नाही. केबिनमध्ये बॅग आली की आधी हे कपडे टांगा. हँगर कमी पडतात, म्हणून तीन-चार हलके घरून न्या. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, मॅग्नेटचे दोन हुक कामाला येतात. तरी सुरकुती राहिली तर कोट बाथरूममध्ये टांगा, दार लावून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडा आणि मग कोट बाहेर काढून हाताने खाली ओढत झटका. रेशमी साडीला हा उपाय करू नका, थेंब पडला की डाग राहतो. स्वस्तातल्या कोटालाही जपा: त्याच्या छातीत कॅनव्हासऐवजी चिकटवलेलं अस्तर (फ्यूजिंग) असतं, फार वाफ लागली की ते सुटतं आणि लेपलवर, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कॉलरपट्टीवर, फोड आल्यासारखं दिसतं.

प्रिन्सेस, क्युनार्ड या कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्री खोली असते आणि तिथे इस्त्री असते. फॉर्मल रात्री दुपारी चारनंतर तिथे रांग लागते, सकाळी जा. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही. पैसे देऊन कपडे प्रेस करून घ्यावे लागतात. तुमच्या जहाजावर काय आहे आणि दर किती, हे निघण्यापूर्वी कंपनीला विचारा.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात निघतोय. सूट शिवायला टाकला तर होईल ना? (सांगली)

उत्तर : तिकीट काढलं तेव्हा काय करत होता? चांगल्या शिंप्याला माप, कच्ची ट्रायल, पक्की ट्रायल आणि दुरुस्ती धरून तीन आठवडे लागतात, लगीनसराईत त्याहून जास्त. आठवड्यात शिवलेल्या कोटाचा खांदा उतरतो, आणि खांदा नंतर दुरुस्त होत नाही. आता तयार ब्लेझर घ्या. खांदा आणि पाठ अंगावर बसली पाहिजे, बाकी शिंप्याकडे द्या: बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे आणि पँटच्या कमरेत दीड इंच मार्जिन शिल्लक हवं. जहाजावर दिवसभर खाणं चालू असतं. चौथ्या दिवशी ते मार्जिन आठवेल.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे. पायाला जखम झाल्यापासून डॉक्टरांनी मऊ उघडे सँडल सांगितलेत. जेवणघरात अडवतील का? (कराड)

उत्तर : बूट बदलायचे की नाही, हे फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील. एका जेवणासाठी नवे कडक बूट त्यांच्या पायात चढवू नका. मधुमेहात पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळतही नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत दोन ओळींचं पत्र घ्या, कंपनीच्या विशेष साहाय्य विभागाला ईमेलने आधी पाठवा आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवा. मधुमेहींसाठीचे काळे बंद बूटही मिळतात. ते चालतील का, हेही डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि घरी दोन आठवडे थोडे थोडे वापरून बघा.

प्रश्न : हाफ पँट घालून मुख्य जेवणघरात जाता येतं का? (फलटण)

उत्तर : दुपारी बहुतेक ठिकाणी जाता येतं. रात्री कार्निव्हलच्या साध्या दिवशी नीट शिवलेली लांब शॉर्ट चालते, क्युनार्डवर नाही. लहान मुलांच्या बाबतीत सगळेच सैल असतात.

प्रश्न : पहिल्या रात्री जेवायला कपडे कुठून काढायचे? बॅगा तर बंदरावरच घेतात ना? (सातारा)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळी उशिरा येतात. जेवणाची पहिली पाळी साडेपाच-सहाला सुरू होते. म्हणून एक नेटका जोड, औषधं, चष्मा, दागिने आणि पासपोर्ट खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. पहिली रात्र सहसा साधी असते, त्यामुळे कोट मोठ्या बॅगेत गेला तरी चालतो. दागिने केबिनच्या तिजोरीत ठेवा.

शेवटच्या रात्री उलटं होतं. बॅगा झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. लोक भरताना सगळंच भरतात आणि सकाळी पायजम्यावर नाश्त्याला येतात. दुसऱ्या दिवशीचा जोड बाहेर काढून मगच बॅगेला कुलूप लावा, आणि बूट आत गेले नाहीत ना ते बघा. बॅगा बाहेर ठेवायची वेळ जहाजाच्या रोजच्या पत्रकात किंवा ॲपवर असते; त्या रात्रीचा पोशाखही तिथेच लिहिलेला असतो.

प्रश्न : सांगलीचं भडंग नेता येईल का? (मिरज)

उत्तर : कंपनीचं सीलबंद पाकीट बहुतेक जहाजांवर नेता येतं, घरून डब्यात भरलेलं नाही. बंदरावर उतरताना ते खाली नेऊ नका. आणि हे सदर कपड्यांचं आहे.