आजची गोष्ट, मग 'हॅड' कशाला?

'माझ्याकडे आत्ता गाडी नाही, मग इफ आय हॅड अ कार यात भूतकाळ कुठून आला?' असं तुम्ही विचारलंत. तिथे रूप भूतकाळाचं आहे, गोष्ट आजचीच. जे खरं नाही ते सांगताना इंग्रजी क्रियापद एक पायरी मागे जातं. आपणही 'गाडी असती तर पीएमपीच्या बसची वाट बघत स्वारगेटला उभा राहिलो नसतो' म्हणतोच की!

खरी गोची पुढे आहे. 'वेळ असता तर आलो असतो' हे मराठीत आजच्या बेताला चालतं आणि गेल्या रविवारच्याही. इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं लागतात. आजसाठी 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम'. रविवार होऊन गेला, म्हणून आणखी एक पायरी मागे: 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम'. दोनदा हॅड बघून बिचकू नका, ते बरोबर आहे.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी चूक म्हणजे 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम'. 'माहीत असतं तर आलो असतो' यात दोन्हीकडे 'असतं-असतो' येतं, म्हणून आपण वुडही दोन्हीकडे लावतो. अमेरिकन बोलण्यात हे कानावर पडतं, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये इफच्या बाजूला 'हॅड नोन'च लिहा.

क्लासमध्ये इफच्या वाक्यांचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाठ करून घेतात. मला ते फारसं पटत नाही, कारण दोन प्रकार एकाच वाक्यात आले की मुलं अडकतात. सकाळची डेक्कन क्वीन चुकली आणि तुम्ही अजून पुण्यातच आहात, तर म्हणाल, 'इफ आय हॅड कॉट द डेक्कन क्वीन, आय वुड बी इन मुंबई नाऊ'. गाडी चुकली ती सकाळी, म्हणून हॅड कॉट. मुंबईत नाही ते आत्ता, म्हणून नुसतं वुड बी. प्रत्येक अर्ध्या वाक्याला 'हे कधीचं?' एवढं विचारा.

सल्ला देताना 'इफ आय वर (were) यू' म्हणा. बोलताना 'वॉज'ही चालतं, लिहिताना 'were'च ठेवा.

विशलाही हाच नियम. जर्मन येत नसेल तर 'आय विश आय न्यू (knew) जर्मन'. पण मित्राचा निकाल अजून लागायचा असेल तर विश नको, 'आय होप यू पास' म्हणा. तो खरोखर पास होऊ शकतो.